उदगीरचे बारा, पानिपतचे अकरा: २८ मिमी घोडेस्वारांच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

पार्सल आलं. टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी व्हाइट मेटलचे (मऊ पांढऱ्या धातूत ओतलेले) बारा मराठा घोडेस्वार, २८ मिमीचे, म्हणजे उभा माणूस साधारण तेवढा उंच. घोडे वेगळे, स्वार वेगळे, ढाली आणि भाले एका पिशवीत कोंबलेले. फिगर आणि टपाल मिळून ₹९,२००, त्यावर कस्टम्सचे ₹३,४५०. हा दुसरा आकडा मी हिशेबात धरलाच नव्हता. परदेशातून मागवणार असाल तर बिलाचा तिसरा हिस्सा वर जाणार हे गृहीत धरून बसा, म्हणजे दारात कुरियरवाल्याशी वाद होत नाही.

मनातला बेत असा: पानिपत, १४ जानेवारी १७६१. चोवीस स्वार, बारा-बाराची दोन पथकं, दिवाळीच्या सुट्टीत कराडचा मित्र गारदी आणि अफगाण घेऊन येणार, मग टेबलावर लढाई. कस्टम्सचा आकडा बघून दुसरं पथक परदेशातून आणायचा विचार सोडला. थ्रीडी छपाईची फाइल विकत घ्यायची (₹१,१००) आणि पुण्यातच रेझिनमध्ये छापून घ्यायची.

आज फक्त भांडी घासायच्या साबणाने धुतले. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सालपटासारखा निघतो.

१४ जून

रेझिनचे घोडे हातात आले आणि पहिली चूक कळली. फाइल ३२ मिमीच्या मापाची होती, मी ती तशीच छापायला दिली. मेटलचा स्वार शेजारी ठेवला तर बापाशेजारी पोर उभं राहिल्यासारखा दिसतो. २८ भागिले ३२, म्हणजे ८७.५ टक्क्यांवर पुन्हा छापायला दिले. छपाईचे ₹१,६८० दोनदा गेले. चूक माझी, छापणाऱ्याने विचारलंही होतं, “दादा, स्केल बघितलंय ना?” मी ऐटीत हो म्हणालो होतो.

२१ जून

पाऊस. तरी प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारला. सकाळी दोन तास उघडीप होती, गच्चीवर खोकं ठेवून स्प्रे मारला. बारा मेटलचे घोडे आणि नव्याने छापलेल्या रेझिनपैकी तीन. संध्याकाळी बघतो तर घोड्यांवर पांढरट, खरखरीत थर, भाकरीच्या पिठात लोळून आल्यासारखा. ऊन पडलं म्हणून हवा कोरडी झाली असं नसतं. नंतर ₹३५०चा आर्द्रता मोजायचा काटा घेतला, त्या दिवशीच्यासारख्या उघडिपीत तो ८४ दाखवतो. आता ६५च्या वर काटा असेल तर स्प्रेच्या डब्याला हात लावत नाही, म्हणजे पुण्यात जून ते सप्टेंबर नाहीच.

२२ जून

रंग उतरवण्यासाठी सगळे काचेच्या बरणीत थिनरमध्ये बुडवले. मेटलचे घोडे तासाभरात लख्ख. रेझिनचे तीनही मी आळसाने त्याच बरणीत टाकले होते. दोन लवकर काढले म्हणून वाचले. तिसरा रात्रभर राहिला, सकाळी पाय फुगून तडकलेले, बोट लावताच मान निखळली. थिनर फक्त मेटलसाठी. रेझिनला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, वेळ जास्त लागतो पण घोडा जिवंत राहतो.

आता प्रायमर ब्रशने, घरातच, दोन पातळ हात.

२९ जून

मेटलचे घोडे बघून कधीपासून काहीतरी खटकत होतं, आज पट्टी लावली. खांद्यापाशी २८ मिमी. २८ मिमीची फिगर साधारण १:५६ धरली तर हा घोडा एकशे सत्तावन्न सेंटिमीटरचा झाला. भीमथडीचं तट्टू सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये २३ मिमी. माझे स्वार मराठ्यांचे आणि घोडे युरोपातल्या चिलखती दलाचे.

घोडा लहान करता येत नाही. पण खुरांखाली जी ओतीव पट्टी असते ती जवळपास २ मिमी जाड होती. ती करवतीने कापून घोडा थेट बेसवर (फिगरखालच्या पाटीवर) उभा केला तर शेजारच्या पायदळापुढे तेवढा तरी खाली येतो. पट्टी गेली की दौडत्या घोड्याला टेकायला दोनच खूर उरतात, म्हणून खुरात ०.८ मिमीचं भोक पाडून पितळी तार घातली. तीन ड्रिल बिट मोडले. मऊ धातूत बिट अडकतं. टोकाला साबण लावून, दोन फेरे पुढे एक फेरा मागे असं फिरवलं की नाही मोडत. हे चौथ्या बिटला कळलं. बारा घोड्यांना पाच तास.

६ जुलै, आषाढी

साबुदाणा खाऊन बसलो. सहा घोडे रंगवले आणि संध्याकाळी त्यातले चार पुसले.

आपल्याकडे घोड्याच्या रंगांना केवढे शब्द आहेत! अबलख (दोन रंगांच्या ठिगळांचा), कुमैत, सुरंग, मुश्की (काळा), सब्जा (पांढरट करडा), पंचकल्याणी. हे शब्द ज्यांनी रोज वापरले त्यांना एका नजरेत जे दिसायचं ते मला पुस्तकातून शिकावं लागतंय. मी चार कुमैत घोडे तपकिरी रंगवले आणि आयाळ-शेपटीही गडद तपकिरी केली. कुमैताची आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे हवेत, नाहीतर तो कुमैत नाही. सुरंगाचं उलट: आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा फिकी, काळी कधीच नाही. पंचकल्याणीला चार पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. पाय पांढरा असेल तर खूर फिका, पाय काळा तर खूर काळपट. सब्ज्याला निव्वळ पांढरा रंग दिला तर तो चुन्याचा पुतळा दिसतो. नाकपुडी आणि डोळ्याभोवती खालचं काळपट कातडं दाखवलं की घोडा होतो.

१३ जुलै

तैलरंगाची पद्धत करून पाहिली. खाली फिका अॅक्रिलिक, वर बर्न्ट अंबर तैलरंग चोपडायचा, अर्ध्या तासाने स्पंजाने पुसायचा. खोलगट भागात गडद राहतो, स्नायूंवर फिका उघडा पडतो. छटा हाताने चढवायची गरज नाही.

पहिल्या घोड्याचा रंग मी पाच मिनिटांत पुसला, सगळाच निघाला. दुसऱ्याला जोर लावून घासलं, तर खालचा अॅक्रिलिकही गेला आणि नाकावर धातू दिसायला लागला. मध्ये व्हार्निशचा एक हात हवाच. तिसऱ्यापासून जमलं, आणि इतकं छान जमलं की उत्साहात उरलेले नऊ एका बैठकीत केले.

२२ जुलै

नऊ दिवस झाले, ते नऊ घोडे अजून चिकट. अंगावर धूळ आणि आमच्या मांजरीचे केस. कारण आज सापडलं: टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाच्या बाटल्या सारख्याच, मी रंग तेलात पातळ केला होता. जवसाचं तेल असं दमट हवेत वाळायला मुहूर्त लागतो. चिमट्याने केस वेचले, बुटांच्या खोक्यात ४० वॅटचा जुना बल्ब लावून त्या शेकोटीत चार संध्याकाळी ठेवले. बल्ब चालू असताना खोलीतून हललो नाही, तुम्हीही हलू नका.

२७ जुलै

आज कामाची दिशाच बदलली.

कराडच्या मित्राला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं: “घोडे एक नंबर. पण हे पानिपतावर काय खात होते रे?”

खरं आहे. १७६०च्या नोव्हेंबरपासून छावणी अडकलेली, रसद तोडलेली. चौदा जानेवारीला जी जनावरं मैदानात उतरली ती अडीच महिन्यांच्या उपासाची होती. माझे मेटलचे घोडे मात्र पुठ्ठ्यावर तेल लावल्यासारखे गुटगुटीत. हे पानिपतात शोभत नाहीत.

रात्री जेवताना सुचलं. हेच लष्कर वर्षभर आधी, १७६०च्या सुरुवातीला, उदगीरला निजामाशी लढून जिंकलं होतं. तिथून परतूर आणि परतूरहून मार्चमध्ये उत्तरेकडे. म्हणजे माणसं तीच, जनावरंही बरीचशी तीच. मग मेटलचे धष्टपुष्ट बारा उदगीरचे. आणि रेझिनचे पानिपतचे: तेच स्वार, तेच घोडे, अकरा महिन्यांनंतर. अबलखाला अबलख, पंचकल्याणीला पंचकल्याणी, पागोट्याला पागोटं जुळवून.

रेझिनचे अकराच उरलेत. बारावा थिनरमध्ये गेला. छापणारा म्हणाला एक पुन्हा छापून देतो. नको म्हटलं.

३ ऑगस्ट

घोडे वाळवण्याचं काम. रेझिन कानशीने घासलं जातं हा त्याचा फायदा. पोट आणि पुठ्ठे घासून सपाट केले, चाकूच्या पाठीने बरगड्यांच्या रेषा ओढल्या, माकडहाडाच्या बाजूला खड्डा. पाण्याखाली घासा आणि मास्क लावा, ती भुकटी फुप्फुसात जायच्या लायकीची नाही.

पहिल्या घोड्याच्या बरगड्या इतक्या खोल गेल्या की तो घोडा न राहता पायपुसणी झाला. पुट्टी भरून पुन्हा. बरगडी दिसायला हवी पण मोजता येता कामा नये, मग वरच्या तैलरंगाने ती आपोआप उठते.

पोट घासल्यावर खोगीर हवेत तरंगायला लागलं. दोन भागांची पुट्टी मळून खोगिराखाली भरली. आजवर खोगीरभरती हा शब्द मी फक्त कार्यालयातल्या बैठकांसाठी वापरत आलो. आज अक्षरशः केली. तंगाचा पट्टाही नव्याने, पातळ कागदाच्या पट्टीचा.

१५ ऑगस्ट

भाले. ८७.५ टक्क्यांवर छापल्यामुळे रेझिनचे भाले सुईसारखे झाले होते, अकरापैकी सात नुसते आधार काढतानाच मोडले. मेटलचे भाले मोडत नाहीत, पण वाकतात आणि वाकलेल्या भाल्यावरचा रंग तडकतो.

पितळी तार लावून पाहिली. सरळ, मजबूत, आणि दिसायला टीव्हीच्या अँटेनासारखी. मराठी भाला बांबूचा, त्याला पेरं हवीत, किंचित बाक हवा. मग घरातला खराटा नजरेस पडला. नारळाच्या हिराचा बारीक शेंडा, ०.७ मिमीच्या आसपास, निमुळता होत गेलेला, रंगही जवळजवळ तोच. पातळ झटपट गोंदात भिजवला की चिवट होतो. पेरांच्या जागी सुरीने हलकी खूण आणि तपकिरी शाईचा ठिपका. फाळ म्हणजे पितळी तारेचं टोक हातोडीने चेपून कापलेलं. तेवीस भाले, खर्च शून्य, दोन संध्याकाळी. फक्त स्वाराच्या मुठीत कोरून भोक पाडायचं काम किचकट. स्वारांचे दोन अंगठे गेले, पुट्टीचे नवे केले.

या भानगडीत हिचा खराटा विरळ झाला ते वेगळं.

७ सप्टेंबर

गणपतीत काही नाही. काल विसर्जन झालं, आज कपडे सुरू.

मराठा स्वाराला गणवेश नाही. हे ऐकायला मोकळीक वाटते, पण प्रत्यक्षात दर फिगरला थांबून विचार करावा लागतो. पहिल्या चार स्वारांना मी हाताला येतील ते रंग दिले आणि ते लग्नाच्या वरातीतले दिसायला लागले. मग रंगांची यादीच आखडली: न धुतलेल्या सुताचा पिवळट पांढरा, निळीचा निळा, मंजिष्ठेचा तांबडा, हळदीचा पिवळा, आणि या चौघांचे उन्हात विटलेले अवतार. अंगरखा आणि चोळणा बहुतेकांचा पांढरट, रंग फक्त पागोट्याला आणि शेल्याला. लगेच पथक दिसलं.

बारगीर आणि शिलेदार वेगळे दाखवायचे होते. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर, शिलेदाराचा घोडा-हत्यार स्वतःचं. म्हणून शिलेदारांच्या खोगिराला किनार, गळ्यात गोंडे, ढालीची चार फुलं पितळी. ढालींसाठी एक सकाळ केळकर संग्रहालयात घालवली. काळ्या ढालीला मी चकाकी देणार होतो. समोर बघितल्यावर जाणवलं की जुनं कातडं मंद दिसतं, चमक फक्त फुलांवर.

पानिपतच्या जोडीदारांना तेच कपडे, पण प्रत्येक रंगात थोडा धुळीचा रंग मिसळून. गोंडे रंगवले नाहीत. एका शिलेदाराचा शेलाही घासून काढला, विकला असं समजा.

२० सप्टेंबर

निशाणं. मोहापायी आधी जरीपटका (पेशव्यांच्या फौजेचं जरीचं निशाण) केला. मग लाज वाटली. तो मानाचा, ऐऱ्यागैऱ्या बारा स्वारांच्या पथकाच्या हाती यायचा नाही. साधा भगवा, दुजिभी.

कागदाचं निशाण घडी पडते तिथे फाटलं. संपलेल्या मलमाची अॅल्युमिनियमची ट्यूब उभी चिरून, धुऊन, त्या पत्र्यातून कापलं. काडीवर वळवलं की वाऱ्याची लाट तशीच राहते. भगवा थेट पांढऱ्यावर दिला तर चार हात देऊनही खालचं दिसतं, आधी गेरूत मिसळलेला पिवळा दिला तर दोन हातांत भागतं. पानिपतचं निशाण बिनवाऱ्याचं, काठीला लपेटलेलं.

२८ सप्टेंबर

बेस. २५ × ५० मिमीचे एमडीएफचे (दाबीव लाकडी भुशाच्या फळीचे) तुकडे, लेझरने कापून ₹७ एक. गोंद आणि वाळू लावून रात्रभर ठेवले. सकाळी सगळे केळीच्या पानासारखे वळलेले. एका बाजूला ओल लागली की एमडीएफ वाकतंच. खालून ओला ब्रश फिरवला, वर विश्वकोशाचा खंड ठेवला, दोन दिवसांत सरळ. नव्यांना आधी दोन्ही बाजूंनी व्हार्निश.

वाळू पुरेना म्हणून पानिपतच्या बेसना नर्सरीतली लाल माती चाळून लावली. कराडला फोटो गेला, उत्तर आलं: “पानिपत की कोल्हापूरची गंगावेस तालीम?”

पुन्हा खरवडून काढले. यमुनेकाठची माती गाळाची, पिवळट करडी. जानेवारीत वर धुळीचा थर आणि सुकलेलं तुरळक गवत. नदीची बारीक वाळू, त्यावर फिका पिवळट करडा, मग जवळजवळ पांढऱ्या रंगाचा ड्रायब्रश (कोरडा केलेला ब्रश वरवर फिरवणं). उदगीर सोपं, काळी माती मला माहीत आहे: गडद तपकिरी काळा, ढेकळं, भेगा, ज्वारीचं धसकट म्हणून टूथब्रशचे कापलेले केस. ओळीत लावले.

ढेकळांसाठी चहाचा चोथा वाळवून वापरला आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांच्या पूजेत पिन व्हाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल), कानशी आणि ब्रश मांडले. आईने कौतुकाने दोन घोडेही ठेवले आणि कपाळाला हळदकुंकू लावलं. व्हार्निश बाकी होतं. सब्ज्याच्या कपाळावरचं कुंकू पुसायला गेलो तर गुलाबी पसरलं. आईला काही बोललो नाही. वर झालरीची म्होरकी रंगवून टाकली, आता तो पथकातला सगळ्यात नटलेला घोडा आहे.

५ ऑक्टोबर

उदगीरच्या पाच बेसवर पांढरी लव. बुरशी. चहाचा चोथा वरून वाळला होता, आतून नाही, त्यात साखर. पाचही बेस खरवडले. वापरायचाच असेल तर चोथा नीट धुवा, तव्यावर कोरडा भाजा, मगच गोंदात घाला. मी आता कॉर्कचा चुरा वापरतो, जुन्या बुचांचा. फुकटात पडतो.

१२ ऑक्टोबर

आर्द्रतेचा काटा ५४. मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. आधी एकच फिगर, अर्धा तास वाट, मग बाकीचे. तरीही मुश्की घोड्यावर पुसट धुकं आलं, बहुधा डबा नीट हलवला नव्हता. त्यावर ब्रशने ग्लॉस व्हार्निश दिला, धुकं गेलं, मग पुन्हा मॅट.

ट्रे दोन. सहाच्या दोन रांगा, पण बेस एकमेकांना खेटून नाहीत, मध्ये १० मिमी जागा. खेटून लावले की पुढच्याच्या शेपटीत मागच्याचं नाक जातं, आणि तसंही हे विरळ लढणारे स्वार. बेसखाली चुंबकाची शीट, ट्रेमध्ये पातळ पत्रा.

पानिपतच्या ट्रेमध्ये मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा खण मोकळा आहे. तिथे सुरंगाचा बारगीर यायचा होता. खणात फक्त माती आणि गवत लावलं.

एकूण ₹१९,३००च्या घरात, त्यातले निदान साडेतीन हजार निव्वळ चुकांचे. तास लिहीत होतो ते ऑगस्टपर्यंत १०४, पुढे लिहिणं सोडलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लढाई पाडव्यानंतर. तोवर भाची आली आणि तिने किल्ल्यासाठी मावळ्यांबरोबर एक घोडा मागितला. “मामा, एकच. तो ठिपक्यांचा.” उदगीरचा अबलख दिला, भाला काढून ठेवून. संध्याकाळी परत आला तेव्हा शाबूत होता, फक्त बेसवर किल्ल्यावरच्या अळिवाचं एक हिरवं रोप मुळासकट चिकटलेलं. ती म्हणाली राहू दे, छान दिसतंय. दिसत होतं छान. पण मुळाशी ओली माती होती, तिची पाठ वळल्यावर चिमट्याने उपटलं.